नव्या ड्रेड्सची मुळं: दुखतात, सैलावतात, चिकटतात, खाजतात, तेव्हा काय करायचं

ड्रेड्स, म्हणजे केस गुंतवून केलेल्या दोरखंडासारख्या जाड बटा, करून घेतल्यावर पहिले दोन आठवडे मजेत जातात. तिसऱ्या आठवड्यात कधीतरी केस धुऊन आरशासमोर उभं राहिलं की पोटात गोळा येतो. टोकाकडे ड्रेड घट्ट आहे, मधे ठीक आहे, पण टाळूजवळ बोटभर केस सुटे आणि मऊ, जणू आत्ताच विंचरलेत. कानामागचे दोन ड्रेड एकमेकांना चिकटलेले. कपाळावरची एक बट ठणकते आहे. मग आपण ज्यांनी ड्रेड्स केले त्यांना फोन करतो, आणि बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: "या, मुळं घट्ट करून देतो."

तिकडे जाण्याआधी हे वाचा, एवढ्यासाठी मी हा लेख लिहिते आहे. मुळाशी होणाऱ्या बऱ्याच तक्रारी घट्ट केल्याने सुटत नाहीत आणि काही तर घट्ट केल्यामुळेच सुरू होतात. सैल मूळ वेळ दिला की सावरतं. ओढून ओढून विरळ झालेलं मूळ सावरेलच असं सांगता येत नाही. सहा वर्षं स्वतःचे ड्रेड्स सांभाळताना आणि मैत्रिणींचे निस्तरताना मला सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट हीच.

मूळ सैल का राहतं

इंटरनेटवरची बरीचशी माहिती आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या केसांसाठी लिहिलेली आहे. तो केस चपटा असतो आणि टाळूतून बाहेर पडतानाच वळण घेतो, त्यामुळे मुळापासून गुंततो. आपल्याकडचा सरळ किंवा लाटदार केस आडव्या छेदात जवळजवळ गोल असतो आणि टाळूतून सरळ वर येतो. त्याला गुंतायला लांबी लागते. म्हणून सरळ केसांच्या ड्रेडला मुळाशी दोन-तीन सेंटिमीटर मोकळे केस असणं ही त्याची नेहमीची अवस्था आहे. वर्ष झालं, दोन वर्षं झाली तरी थोडा मोकळा भाग राहतोच, आणि तो राहिलाच पाहिजे. टाळूला श्वास घ्यायला, मान वळवायला, कुशीवर झोपायला तेवढी ढील लागते.

थोडा हिशेब करू. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे दोन-तीन सेंटिमीटरचा मोकळा भाग म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांत उगवलेले केस. डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात आणि रोज ५० ते १०० गळतात. तुमचे ५० ड्रेड्स असतील, तर एकेका ड्रेडमध्ये दोनेक हजार केस आले आणि रोज त्यातले एक-दोन गळाले. एरवी ते कंगव्यात गुंतवळ होऊन निघाले असते. आता ते ड्रेडमध्येच अडकतात, आणि तेच दोऱ्यासारखे बाकीच्यांना बांधून ठेवतात. केसाच्या सालीवर माशाच्या खवल्यांसारखे बारीक खवले असतात, घासले की ते एकमेकांत अडकतात. म्हणजे ड्रेड पक्का होण्याचं काम रोज चालूच असतं. आपण फक्त त्याच्या आड यायचं नाही.

मोकळा भाग चार-पाच सेंटिमीटरच्या पुढे गेला, किंवा धुतल्यावर ड्रेड मुळाकडून उलगडत चालला, तर मात्र हात लावायला हवा.

आधी तपासा

केस धुऊन पूर्ण वाळल्यावर, दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी बसा. दोन आरसे घ्या किंवा घरातल्या कुणाला मागून फोटो काढायला सांगा. एकेक ड्रेड बाजूला करत टाळू बघा आणि बोटाने चाचपा. घाई करू नका, सगळं डोकं बघायला अर्धा तास लागतो.

चार गोष्टी याच क्रमाने बघायच्या: दुखतंय का, टाळूवर काही उठलंय का, मुळं जुळली आहेत का आणि सगळ्यात शेवटी मोकळं किती आहे. बहुतेक लोक उलटीकडून सुरू करतात. मोकळे केस डोळ्यांना खुपतात आणि दुखणं "नवीन आहे, होईल सवय" म्हणून सोसलं जातं.

दुखत असेल तर बाकी सगळं थांबवा

ड्रेड्स केल्यावर पहिला दिवस, फार तर दुसरा दिवस टाळू हुळहुळी राहू शकते. तिसऱ्या दिवशीही उशीवर डोकं टेकवताना कळ येत असेल, ड्रेड एका बाजूला वळवला की दुखत असेल, मुळाभोवती बारीक पुटकुळ्या दिसत असतील किंवा कातडी तंबूसारखी वर ओढलेली वाटत असेल, तर मूळ जास्त आवळलं गेलं आहे.

माझ्या बाबतीत हे मावसबहिणीच्या लग्नाआधी झालं. फोटोत नीटनेटकं दिसावं म्हणून मी सगळी मुळं आवळून घेतली आणि वर उंच अंबाडा बांधला. रात्रभर झोप लागली नाही, तरी दोन दिवस अंबाडा सोडला नाही. कानशिलांवर पुटकुळ्या आल्या, आठवड्याभरात खपल्या धरल्या, आणि दोन महिन्यांनी लक्षात आलं की कानशिलांवरच्या चार ड्रेड्सची मुळं निम्मी झाली आहेत. तिथले केस परत यायला वर्षाच्या वर लागलं, आणि एका जागी ते आजही विरळ आहेत.

सततच्या ओढीने केस जातात याला डॉक्टर ट्रॅक्शन अलोपेशिया म्हणतात. कपाळाची कड, कानशिलं आणि मानेची कड इथे तो आधी दिसतो, कारण तिथला केस मुळातच बारीक असतो आणि अंबाडा-पोनीचा ताणही तिथेच येतो. सुरुवातीला ओढ थांबवली तर केस परत येतात. महिनोन्‌महिने ओढ चालू राहिली तर मुळाच्या जागी व्रण होतो आणि मग येत नाहीत. चाई वेगळी. ती नाण्यासारख्या गोल, गुळगुळीत चकत्यांनी अचानक पडते आणि तिचा आवळण्याशी संबंध नसतो. तसं दिसलं तर थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

आवळलेलं मूळ असं सोडवायचं:

१. मुळाशी रबर असेल तर आधी ते काढा. ओढून काढू नका, नखं कापायच्या बारीक कात्रीने रबर कापा. नव्या ड्रेड्सच्या मुळाला रबर लावायची पद्धत अजूनही आहे. ते केसात रुततं, उन्हाघामाने चिकट होतं आणि काढताना केस तोडतं.

२. कोमट पाण्याने मूळ भिजवा. ओला केस थोडा लांबतो, त्यामुळे लगेच आराम पडतो.

३. टाळूजवळ दोन बोटांच्या चिमटीत मूळ धरा आणि ड्रेड टाळूच्या दिशेने हळू ढकला, खेचू नका. दहा-बारा वेळा ढकललं की गाठी थोड्या सैल होतात.

४. इंटरलॉकिंग केलेलं असेल, म्हणजे ड्रेडचं टोक मुळातून ओवून घेतलेलं असेल, तर शेवटची ओवणी उलटी काढा. क्रोशाच्या सुईच्या मागच्या बोथट टोकाने फट मोठी करा आणि ड्रेड आला त्याच वाटेने परत घ्या. एक ओवणी निघाली तरी पुष्कळ फरक पडतो.

५. त्यानंतर दोन आठवडे केस मोकळे सोडा. अंबाडा नाही, पोनी नाही, घट्ट पट्टाही नाही.

पुटकुळीत पू दिसत असेल तर ती केसतोड आहे. ती फोडू नका. स्वच्छ कापड गरम पाण्यात बुडवून, पिळून, दिवसातून तीन-चार वेळा दहा-दहा मिनिटं शेका. दोन-तीन दिवसांत उतरली नाही, पसरली, किंवा ताप आला तर डॉक्टरांना दाखवा.

एक कारण सहसा लक्षात येत नाही, ते म्हणजे वजन. बोटाएवढ्या जाड ड्रेडला मुळाशी साधारण दोन ते अडीच सेंटिमीटरची चौकट लागते, म्हणजे टाळूवरचा भांग पाडून वेगळा केलेला तेवढा चौकोन, ज्यातले केस त्या ड्रेडमध्ये जातात. चौकट लहान आणि ड्रेड लांब असेल, त्यातून खाली नकली केस जोडले असतील, तर धुतल्यावर पाण्याने जड झालेला ड्रेड तेवढ्याशा केसांना लटकतो. अशा वेळी मुळाशी काहीही करून उपयोग नाही. खालचे नकली केस कमी करा.

सैल मुळांवर काम, पण बेताने

दुखणं नाही, टाळू स्वच्छ आहे, आणि मोकळा भाग खरंच जास्त आहे, तर पुढे वाचा. सोप्यापासून सुरू करा आणि एक पद्धत निदान महिनाभर करून बघा.

सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे मूळ चोळणं. केस पूर्ण कोरडे हवेत. ड्रेड मुळापाशी तीन बोटांत धरायचा आणि टाळूवर गोल गोल, घड्याळाच्या दिशेने, हलक्या हाताने दहा-पंधरा सेकंद चोळायचा. मोकळे केस एकमेकांभोवती फिरतात आणि छोटा गुंता तयार होतो. आठवड्यातून दोनदा पुरे. टाळू लाल झाली तर जास्त झालं. पहिल्या दोन महिन्यांत मी कुणालाही याच्या पलीकडे काही करायला सांगत नाही.

तळव्यांमध्ये ड्रेड वळणं, म्हणजे वाती वळतो तसं, हे मुख्यतः आकारासाठी असतं. बाहेर आलेले केस आत बसतात, ड्रेड गोल होतो, पण सरळ केसाचं मूळ त्याने बांधलं जात नाही. ते किंचित ओलसर असताना केलं तर चालतं. नेहमी एकाच दिशेने वळा.

क्रोशाची सुई हे खरं हत्यार आहे, आणि खरा धोकाही. सुई ०.५ किंवा ०.६ मिलिमीटरची घ्या. लोकरीची मोठी सुई केस कापत जाते. बैठक अशी: डाव्या हाताच्या अंगठा-तर्जनीत ड्रेड धरा, टाळूपासून सव्वा-दीड सेंटिमीटर जागा सोडून. मोकळ्या केसांतले थोडेच, दहा-वीस, ड्रेडवर लपेटा. सुई ड्रेडच्या दुसऱ्या बाजूने आरपार घाला, ते केस आकड्यात घ्या आणि आत ओढा. पूर्ण बाहेर काढू नका, आतच सोडा. मग ड्रेड थोडा फिरवून दुसऱ्या बाजूने तेच करा. सुई पुढेमागे फिरते तेव्हा कानावर लक्ष ठेवा. केस तुटू लागले की कटकट असा बारीक आवाज येतो. आवाज आला की सुई अडकलेली असते. ती ओढू नका, किंचित फिरवून सोडवा. एका मुळावर दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त नको, आणि तेच मूळ पुन्हा सहा ते आठ आठवड्यांनीच घ्या. सुईने केलेला ड्रेड लगेच सुंदर, टणक दिसतो, म्हणून हात थांबत नाही. पण दर वेळी थोडे केस तुटतात, आणि आत बसलेले ते तुकडे पुढच्या धुण्यात बाहेर येऊन मूळ आधीपेक्षा बारीक दिसतं.

इंटरलॉकिंग मी सरळ केसांसाठी सगळ्यात शेवटी ठेवते. ज्यांना रोज पोहायचं आहे, खूप घाम येतो, ज्यांची मुळं प्रत्येक धुण्यात उलगडतात, त्यांना ते उपयोगी आहे. यात ड्रेडचं टोक मुळातल्या फटीतून ओवून काढायचं. चूक होते ती दिशेत. प्रत्येक वेळी एकाच बाजूने किंवा दोनच बाजूंनी ओवलं तर मुळाच्या मधोमध भोक पडतं आणि मूळ दोन पायांवर उभं असल्यासारखं फाकतं. मुळाभोवती घड्याळ कल्पा. पहिली ओवणी बारावरून सहाकडे, दुसरी तीनवरून नऊकडे, तिसरी सहावरून बाराकडे, चौथी नऊवरून तीनकडे. टाळूपासून एक सेंटिमीटर राहिलं की थांबायचं, चौथी ओवणी बाकी असली तरी. ओल्या केसावर हे करू नका, कारण ओला केस ताणलेला असतो, वाळला की आखडतो, आणि संध्याकाळी ठीक वाटलेलं मूळ सकाळी ठणकतं. दोन वेळांमध्ये निदान सहा आठवडे जाऊ द्या.

भोक आधीच पडलं असेल तर पुढची ओवणी त्या भोकातून घेऊ नका. दोन्ही पाय चिमटीत एकत्र धरा, बाजूचे काही मोकळे केस सुईने एका पायातून दुसऱ्यात आडवे घ्या आणि मग मूळ चोळा. दोन-तीन महिन्यांत भोक बुजतं.

मेणाबद्दल एवढंच सांगते की नको. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं, तेवढं गरम पाणी कुणी डोक्यावर घेत नाही. एकदा मुळात गेलेलं मेण धूळ धरत बसतं. तुमच्या ड्रेड्सना आधीच लावलं गेलं असेल तर मुळाशी वाटीभर कोमट पाणी आणि थोडं भांडी घासायचं द्रव सोडून, बोटांनी चोळून, थोडं थोडं करून कमी करावं लागतं. एका धुण्यात ते निघणार नाही.

जुळलेली मुळं

मोकळे केस सीमा पाळत नाहीत. शेजारच्या चौकटीतले केस इकडे येतात, गळलेला केस दोन ड्रेड्सच्या मधे अडकतो, आणि दोन-तीन आठवड्यांत पूल बांधला जातो. कानामागे आणि मानेवर हे जास्त होतं, कारण तिथे उशी आणि कॉलर घासते.

यावर उपाय एकच आणि तो नेमाने करायचा. धुतल्यावर केस अर्धवट वाळले की शेजारशेजारचे दोन ड्रेड दोन हातांत मुळापाशी धरा आणि हळूहळू विरुद्ध दिशांना वेगळे करा. थोडी चर्र होईल, चालतं. फाडायला सुरुवात टाळूकडून करा, टोकाकडून नव्हे. दर आठवड्याला केलं तर पंधरा मिनिटांत होतं. दोन महिने राहिलं तर सुईच्या बोथट टोकाने एकेक केस सोडवत बसावं लागतं, कधी दोन-चार केस कापावेही लागतात. वेगळं केल्यावर मधल्या केसांपैकी कोणता कुठल्या चौकटीतला आहे हे भांग पाहून ठरवा आणि तिथेच चोळून टाका.

दोन्ही ड्रेड मुळातच बारीक असतील तर त्यांना जोडून टाकणं शहाणपणाचं. एकाला दुसऱ्याभोवती दोन पीळ द्या, मुळापासून दोन सेंटिमीटर वर सुती दोऱ्याने सैलसं बांधा, आणि तीन-चार महिने सोडून द्या.

आपल्याकडे हे सगळं लिहिताना जट आठवल्याशिवाय राहत नाही. जट होते ती याच जुळण्याने. आजारपणात, बाळंतपणानंतर किंवा आणखी कशाने महिनोन्‌महिने केस विंचरले-धुतले गेले नाहीत की मुळं एकमेकांत जुळत जातात आणि एकच दगडासारखा गठ्ठा होतो. वैद्यकशास्त्रात त्याला प्लायका पोलोनिका म्हणतात. सौंदत्तीच्या यल्लम्माचं बोलावणं म्हणून ही जट पुढे कितीतरी मुलींच्या देवदासी होण्याचं कारण ठरली, आणि ती कापली तर कोप होईल या भीतीने बायका मानदुखी, उवा, जखमा सोसत राहिल्या. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते घरोघरी जाऊन, समजावून, त्या बाईची संमती घेऊन जटा सोडवत आले आहेत. तुमच्या घरात किंवा ओळखीत कुणाच्या डोक्यावर जट असेल तर ती कापता येते आणि कापल्याने काहीही वाईट होत नाही, हे तिला सांगा. आपण हौसेने ड्रेड्स करतो, तेव्हा आजीच्या डोळ्यांत जी भीती दिसते ती कुठून आली हेही त्यातून कळतं. तिच्याशी वाद घालू नका, तिला जवळ बसवून वेगवेगळी मुळं दाखवा.

खाज, कोंडा आणि कुबट वास

नवे ड्रेड्स धुवायचे नसतात हा समज निखालस चुकीचा आहे. सरळ केसांना पहिला आठवडा द्या, त्यानंतर दर पाच-सात दिवसांनी धुवा. स्वच्छ, कोरडा केस लवकर गुंततो. तेलकट केस घसरतो.

शाम्पू पारदर्शक घ्या, केस "रेशमी" करणारा नको, कारण त्यातला चिकट थर खवले गुळगुळीत करतो. एका भागाला आठ-दहा भाग पाणी मिसळून चोच असलेल्या बाटलीत भरा, भांगांमधून टाळूवर सोडा, बोटांच्या पेरांनी चोळा. नखं लावू नका. ड्रेड्सवर वेगळा शाम्पू लावायची गरज नाही, खाली येणारा फेस पुरतो. चोळायला जेवढा वेळ दिला त्याच्या दुप्पट वेळ नुसतं पाणी सोडा.

रिठा चांगला. आठ-दहा रिठे लिटरभर पाण्यात रात्री भिजवा, सकाळी उकळा, दोनदा बारीक कापडातून गाळा, डोळे मिटून वापरा. शिकेकाईच्या शेंगा उकळून गाळलेलं पाणीही चालेल. पण शिकेकाईची पूड, मुलतानी माती, मेंदी यांतलं काहीही मुळांवर नको. आत गेलेली पूड परत निघत नाही, महिन्याभराने मुळाशी राखाडी कडा दिसते आणि लोक तिला कोंडा समजतात.

बोअरच्या जड पाण्याने धूत असाल तर पांढुरका, चिकट थर बसतो. शेवटचा एक तांब्या गाळलेल्या किंवा पावसाच्या पाण्याचा घ्या. महिन्यातून एकदा लिटरभर पाण्यात एक-दोन चमचे व्हिनेगर घालून डोक्यावरून ओतलं आणि साध्या पाण्याने धुतलं तर थर सुटतो. टाळूवर जखम असेल तेव्हा मात्र नको.

तेलाचं सांगणं अवघड जातं, कारण आपल्या घरांत माया तेलातूनच व्यक्त होते. तरी पहिले सहा महिने मुळांवर खोबरेल नको. मूळ घसरतं, चोळून केलेला गुंता सुटतो. थंडीत, २४-२५ अंशांच्या खाली, ते ड्रेडच्या आत थिजतं. आणि कोंडा असेल तर आणखी नुकसान, कारण कोंड्यामागची बुरशी तेलावरच वाढते. टाळू फारच कोरडी पडली तर दोन-तीन थेंब बोटावर घेऊन फक्त भांगात लावा.

कोंडा चिकट, पिवळसर असेल, भुवया किंवा नाकाच्या कडेलाही पापुद्रे निघत असतील, तर औषधी शाम्पू लागतो. केटोकोनॅझोल दोन टक्के हा डॉक्टर नेहमी देतात. टाळूवर तीन-पाच मिनिटं ठेवून धुवायचा, आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे. गोल कडेची खाजरी चकती आणि त्यात तुटलेले केस दिसले तर तो नायटा असू शकतो. मेडिकलमधून कुणाच्या सांगण्यावरून स्टेरॉइड मिसळलेलं क्रीम आणून लावू नका. नायटा त्याने आधी दबतो आणि मग पसरतो.

वाळवणं हा धुण्याचा अर्धा भाग आहे. सकाळी लवकर धुवा, पंचाने एकेक ड्रेड दाबून पिळा, आणि मुळं पंख्याखाली पूर्ण वाळेपर्यंत केस बांधू नका, झोपू नका. कोकणात आणि मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये हे खरंच कठीण असतं. तेव्हा ड्रायर थंड हवेवर ठेवून फक्त मुळांवर फिरवा. ड्रेडचं टोक एक वेळ थोडं ओलं राहिलं तर तग धरेल, मुळाशी दोन दिवस ओल राहिली तर कुबट वास सुरू होतो. वास आलाच तर दुसऱ्याच दिवशी पुन्हा धुऊन, उन्हात बसून खडखडीत वाळवा.

गोव्यात ड्रेड्स करून तिथेच समुद्रात उतरलेल्यांसाठी: खारं पाणी केस खरखरीत करतं, गुंतायला मदतही होते. पण मुळाशी वाळू राहिली तर टाळू सोलवटते. त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा.

उवा झाल्या तर ड्रेड्स कापायची घाई करू नका. परमेथ्रिन एक टक्का लोशन टाळूवर दहा मिनिटं ठेवून धुवायचं आणि सात ते दहा दिवसांनी परत लावायचं. फणी चालणार नाही, म्हणून दुसरी वेळ चुकवू नका. घरातल्या सगळ्यांचं डोकं बघा.

हेल्मेट

पुण्यात राहते, त्यामुळे हे लिहिणं भाग आहे. हेल्मेटखाली अंबाडा घालू नका. हेल्मेट डोक्यावर नीट बसत नाही, जे जिवाशी खेळणं आहे, आणि मुळं एका दिशेला दाबली जाऊन चपटी होतात. ड्रेड्स मानेवर मोकळे सोडा, आत पातळ सुती रुमाल बांधा आणि तो रोज धुवा. लिंट सोडणारा टेरीचा रुमाल नको, त्याचे तंतू मुळात जाऊन बसतात.

उभी राहिलेली मुळं, फासे, पिळलेल्या कडा

नवा ड्रेड मुळापासून ताठ उभा राहत असेल तर काही करू नका, वजन आणि वेळ त्याला खाली आणतील. मुळाजवळ केसांचा फास बाहेर आला तर सुईने एकदाच आत घ्या, परत आला तर राहू द्या. रोज ड्रेड बोटावर पिळत बसायची सवय लागते, ती मात्र मोडा. त्याने मूळ एका बाजूला दोरीसारखं आवळत जातं.

मूळ बारीकच झालं असेल तर

मुळाचा घेर उरलेल्या ड्रेडच्या अर्ध्यावर आला, धरून हलवलं तर सुतळीसारखं वाटलं, तर आधी वजन कमी करा, म्हणजे ड्रेड खालून तीस-चाळीस टक्के कापा. मुळाच्या आसपास उगवलेले छोटे केस सुईने घाईघाईत आत घेऊ नका, ते सहा-सात सेंटिमीटर होऊ द्या. शेजारी मजबूत ड्रेड असेल तर वर सांगितलं तसं जोडून द्या. मूळ दहा-वीस केसांवर लटकत असेल तर स्वच्छ कात्रीने टाळूपासून दोन सेंटिमीटरवर ड्रेड कापा आणि जपून ठेवा, पुढे परत जोडता येतो. त्या चौकटीला सहा महिने सुई, रबर, पीळ काहीही लावू नका. सहा महिन्यांनी तिथे बारीकही केस उगवले नसतील, किंवा कातडी चकचकीत, गुळगुळीत दिसत असेल, तर जपून ठेवलेला ड्रेड तसाच राहू द्या आणि त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घ्या.